चाळीस चादरी आणि एक धुराडं

मित्रांनो, मी एक जुनी दोरी आहे. कधीकाळी निळी होते. आता कोणत्या रंगाची म्हणायची ते तुम्हीच ठरवा. मी नायलॉनची. माझं मूळ जमिनीच्या पोटातल्या काळ्या तेलात आहे, असं कारखान्यात ऐकलं होतं. तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही. काळ्या रंगाशी आपला पुढे एवढा संबंध येणार आहे, हे कुणाला ठाऊक होतं!

मला आणि माझ्या बहिणीला एकाच रिळावरून, एकाच कात्रीनं कापलं आणि एकाच दिवशी एका लाँड्रीच्या मागच्या अंगणात बांधलं. एक टोक लोखंडी खांबाला, दुसरं भिंतीतल्या आकड्याला. त्याच भिंतीच्या माथ्यावर पाणी तापवायच्या भट्टीचं धुराडं होतं. आमची आणि त्याची ओळख होती, मैत्री मात्र कधीच जमली नाही.

लाँड्रीच्या मालकांना सगळी गल्ली झक्कमामा म्हणायची. चादर वाळली की ते ती दोन्ही हातांनी उन्हासमोर धरायचे, एक डोळा मिटायचे आणि म्हणायचे, "झक्क!" हा शब्द कानावर आला तरच मामी चादर घडीला घ्यायच्या, नाहीतर तिची रवानगी परत पिंपात. जवळच्या इस्पितळाच्या चाळीस चादरी रोज आमच्याकडे यायच्या. बावीस वर्षं हे काम मामांकडे होतं. नवीन माणूस भेटला की मामा स्वतःचं नाव सांगायच्या आधी सांगायचे, "अख्खं इस्पितळ माझ्या चादरींवर झोपतं."

एकदा ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ही दोरी आहे म्हणून लाँड्री उभी आहे!" मित्रांनो, त्या दिवशी मी अशी काही ताठले, की दोन चिमटे उडून गटारात पडले.

भट्टीत तेव्हा लाकडं जळायची. पुढे लाकडं मिळेनाशी झाली आणि मामांना एक शोध लागला. गल्लीत पडलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, तुटक्या चपला, टायरचे तुकडे, सगळं झकास जळतं! मामांना आकाश ठेंगणं झालं. "गल्ली स्वच्छ आणि पाणी गरम," ते मामींना म्हणाले. "आहे की नाही डोकं?"

मामी म्हणाल्या, "धूर बघा कसला काळाकुट्ट निघतोय. मला ठसका लागतो."

"अगं, धूर वर जातो. वर गेला की आपला संबंध संपला."

धूर वर जायचा हे खरं. पण वरून तो कुठे जायचा, ते मी रोज बघत होते. जरा गार झाला की तो सावकाश खाली यायचा आणि ओल्या पांढऱ्या चादरीवर बारीक ठिपके होऊन बसायचा. मामांना ठिपका दिसला की चादर परत पिंपात. पिंपाला आणखी गरम पाणी. गरम पाण्याला आणखी टायर. टायरला आणखी धूर. एक चादर तर आठवड्यात सहा वेळा धुतली गेली. शेवटी ती इतकी विरली, की तिच्यातून पलीकडच्या मामी दिसायच्या.

तुम्ही म्हणाल, मामांच्या हे लक्षात कसं आलं नाही? अहो, स्वतःचं धुराडं माणसाच्या डोक्यावर असतं, आणि मामा कायम समोर बघायचे. आधी त्यांनी कावळ्यांवर आळ घेतला, मग साबणावर. एकदा मामींच्या हातांवर घेऊन पाहिला, त्या दिवशी त्यांना स्वतःचा चहा स्वतः करावा लागला. शेवटी त्यांना गुन्हेगार सापडला. समोरची बेकरी! तिलाही भट्टी होती, तिलाही धुराडं होतं.

"तुमच्या धुरानं माझ्या चादरी काळ्या होतात!" मामा कुंपणावरून ओरडले.

"माझ्या पावांवर काय तीळ मी लावतो वाटतं?" बेकरीवाले काका तितक्याच जोरात ओरडले. "तुमचीच काजळी आहे ती!"

"माझा धूर सरळ वर जातो!"

"मग माझा काय चालत येतो?"

हे रोज सकाळी नेमानं चालायचं. अंगणातली चिमणीसुद्धा तेवढा वेळ दुसरीकडे जाऊन यायची.

त्यातच ऊन वर्षागणिक वाढत चाललं होतं. पूर्वी चादरी वाळायला दुपार व्हायची, आता दहालाच कडकडीत. मामा खूश! "ऊन आपल्याच धंद्याचं आहे," म्हणायचे. मी काय बोलणार? त्याच उन्हानं माझे धागे ठिसूळ होत होते. आणि मग ज्या महिन्यात पावसाचं काही काम नव्हतं, त्या महिन्यात पाऊस सलग पाच दिवस कोसळला. चाळीस चादरी ओल्याच्या ओल्या राहिल्या आणि त्यांना कुबट वास येऊ लागला. मामांचा खुशीचा चेहरा पार उतरला.

त्या पावसानंतर इस्पितळातल्या मोठ्या सिस्टर स्वतः आल्या. मामा म्हणाले, "सिस्टर, हवामानच बिघडलंय, मी तरी काय करू?"

"बिघडलंय नाही, मामा. आपण बिघडवलंय," सिस्टर म्हणाल्या. "जगभरच्या भट्ट्यांचा, गाड्यांचा, कारखान्यांचा धूर वर साठतो. त्यातल्या वायूंची पृथ्वीवर जाड चादर चढलीय. आतली उष्णता बाहेर पडत नाही, आणि पाऊसपाण्याचा ताळ राहत नाही."

मामांच्या व्यवसायाचा शब्द आला होता. ते चटकन म्हणाले, "मग ती चादर द्या माझ्याकडे धुवायला!"

सिस्टर हसल्या नाहीत. "ती धुता येत नाही, मामा. निदान आणखी जाड करू नये, एवढंच आपल्या हातात आहे." मग त्यांनी पिशवीतून एक चादर काढून ठिपके दाखवले. "आणि ही बघा. वॉर्डात दम्याचे पेशंट आहेत. त्यांच्या नाकाशी ही काजळी ठेवू का मी? सोमवारच्या चाळीस चादरींत एक जरी ठिपका दिसला, तर काम दुसरीकडे द्यावं लागेल. मला वाईट वाटतंय, पण देईन."

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. बावीस वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं.

त्याच आठवड्यात माझी बहीण तुटली. उन्हानं तिचा जीव गेला होता, त्यात ओल्या चादरींचं ओझं. मामांनी तिची गुंडाळी केली आणि सवयीप्रमाणे भट्टीत टाकली. मी बघत राहिले. घटकाभरानं एक काळा कण तरंगत आला आणि माझ्यावरच्या चादरीवर बसला. मला रडूच आलं. ती मला भेटायला आली होती, आणि मामा म्हणाले, "बघ, बेकरीवाल्यानं पुन्हा घाण टाकली!"

आता मामांनी शक्कल लढवली. एक जाडजूड पांढरं पांघरूण ओलं करून आमच्या अंगणाच्या आणि बेकरीच्या मधोमध पडद्यासारखं टांगलं. "बेकरीची काजळी यावर बसेल. पुरावा!" दोन दिवसांनी त्यांनी सिस्टरना बोलावलं, काकांना बोलावलं, गल्लीही न बोलावता आली.

सगळे बेकरीच्या बाजूला उभे राहिले. पांघरुणाची ती बाजू किंचित करडी होती, इतकंच. मामा गडबडले. काका गालातल्या गालात हसले आणि म्हणाले, "जरा तुमच्याकडची बाजू बघू."

आमच्याकडची बाजू अशी काळी होती, की त्यावर खडूनं लिहिता आलं असतं.

"वारा... वारा फिरला असेल," मामा पुटपुटले.

"हो ना," मामी म्हणाल्या. "तुमच्याच भट्टीतून निघाला आणि तुमच्याच चादरींवर फिरला."

गल्ली पोट धरधरून हसली. काकाही हसत होते, पण ती करडी बाजू पुन्हा दिसली तसं त्यांचं हसू अर्ध्यावर थांबलं. त्यांची भट्टी तरी कुठे धुतल्या तांदळासारखी होती! मामा मात्र मामींकडे वळले. ते इतकंच म्हणाले, "तुझा ठसका... तोही माझाच म्हणायचा." आणि तोंड धुवायला नळाकडे गेले.

नळाला गच्चीवरून काळा पाइप आला होता. तो सकाळपासून उन्हात पडलेला. मामांनी ओंजळ धरली आणि किंचाळले, "भाजलो, भाजलो!"

मामींनी पाण्याला बोट लावून पाहिलं. "अहो, ऊन एवढं पाणी तापवतंय, आणि तुम्ही टायर जाळताय?"

दुसऱ्याच दिवशी गच्चीवर काळ्या पाइपांची वेटोळी पसरली, पिंपाला काळा रंग बसला. टायर आणि पिशव्या भंगारवाल्याकडे गेल्या. ढगाळ दिवसापुरती मोजकी सुकी लाकडं ठेवली. सोमवारी सिस्टर आल्या आणि एकेक चादर उघडून बघू लागल्या. अडतीस झाल्या. एकोणचाळिसाव्या चादरीवर ठिपका! मामा मटकन खाली बसले. तेवढ्यात ठिपका चालायला लागला. मुंगी होती. सिस्टरनी फुंकर मारून ती उडवली, चाळिसावी चादर उन्हासमोर धरली, एक डोळा मिटला आणि म्हणाल्या, "झक्क."

मामा सगळ्यांसमोर रडले.

हल्ली बेकरीवाले काकाही मामींना पाइपांबद्दल विचारायला येतात. मामांना विचारत नाहीत. तेवढं भांडण त्यांनी राखून ठेवलंय. मीही आता थकले. मागच्या आठवड्यात मामांनी मला सोडलं, माझी गुंडाळी केली, आणि त्यांचे पाय जुन्या सवयीनं भट्टीकडे वळले. माझा एकेक धागा थरथरला. दाराशी ते थांबले. माझ्याकडे पाहिलं, वर धुराड्याकडे पाहिलं, आणि मला घेऊन गच्चीवर गेले. आता मी त्यांच्या पाइपांची वेटोळी बांधून ठेवते. अंगाला चटके बसतात, पण कामात आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं जुनं काहीतरी असेल. ते वापरा, बांधा, कुणाला द्या, भंगारवाल्याकडे पाठवा. पण जाळू नका. जाळलं म्हणजे आम्ही संपलो असं समजू नका. आम्ही वर जातो, तुम्हाला शोधतो आणि परत येतो. तुमच्या घरातली सगळ्यात पांढरी चादर आम्हाला बरोबर सापडते.