भिंतीपलीकडची तुर्की

मधुवंतीबाईंनी नेवाशात एकतीस वर्षं मराठी व्याकरण शिकवलं. मुलगा वरद नोकरीसाठी तुर्कस्तानात गेला आणि तिथल्याच नेस्रीनशी लग्न करून मोकळा झाला, तेव्हा बाईंनी ठरवलं, सुनेशी तिच्या भाषेत बोलायचं. ऑनलाइन क्लास लावला. सोबतीला शेजारची जरीना घेतली, ब्लाउज शिवणारी. तिथंच फसल्या.

बाईंच्या विभक्त्या दोन दिवसांत पाठ. एव म्हणजे घर. एविम, माझं घर. एविम्दे, माझ्या घरात. एविमे, माझ्या घराकडे. आधी 'माझं' जोडायचं, मग विभक्ती. जरीना मात्र कुठलाही प्रत्यय कुठंही ठोकायची. तरी बाईंनीच ओळख करून दिल्यापासून दर शुक्रवारी नेस्रीनचा फोन जरीनाला! भिंतीतून दोघींचं हसणं आलं की बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बाईंना मात्र महिन्यातून एकदा 'आई, बऱ्या आहात?' आणि संपलं. सून माझी अन् गप्पा हिच्याशी?

शेवटी ब्लाउजच्या निमित्तानं बाई जरीनाकडे गेल्या आणि फणकारल्या, "काय एवढं बोलता गं?"

जरीनानं मशीन थांबवलं. "बाई, राग नका धरू. ती तुमाला भिती. लगीन झाल्यावर पयल्यांदा म्हनली, 'मी तुमचा सून.' तुमी तिला 'तुमची' म्हन म्हनलात, तीन येळा म्हनायला लावलं. ती रडली हुती."

बाईंना तो फोन आठवला. त्या दिवशी त्या स्वतःवर फार खूश होत्या. ब्लाउजचं कापड तिथंच टाकून त्या घरी आल्या.

वही न उघडताच त्यांनी फोन लावला. पाठ केलेलं सगळं पळालं, 'घरी ये' ही मराठी सवय तेवढी उरली. "नेस्रीन, एविम्दे गेल." माझ्या घरात ये. तोंडातून निघताच चूक कळली. कान तापले.

पलीकडून हळूच, "एविमे, आई." आणि जरा धीर करून, मराठीत, "तीन वेळा!"

अख्ख्या तालुक्याच्या चुका काढलेल्या बाई मुकाट म्हणाल्या, "एविमे. एविमे. एविमे." नेस्रीन हसली, अगदी तेच भिंतीतलं हसू.

भिंतीपलीकडे जरीनाचं मशीन एकदम थांबलं. बाईंनी फोन स्पीकरवर टाकला. ऐकू दे तिलाही.