दर जोडीमागे

माझं उत्तर निम्मं येत होतं. शिशाचे दोन अणुगर्भ प्रचंड वेगाने एकमेकांवर आदळले की हजारो नवे कण उडतात. ते किती उडतील हे संगणकावर मांडून दाखवायचं, हे माझं पीएचडीचं काम. प्रयोगवाले आपला आकडा टकरीत सापडलेल्या प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या दर जोडीमागे देतात. माझा आकडा त्याच्या बरोबर अर्धा. टक्कर ओझरती असो की समोरासमोरची, अर्धाच.

"आज पाचपर्यंत जुळलं तर परिषदेला तू जाशील. नाहीतर यादीतून नाव काढावं लागेल," माझे मार्गदर्शक शिवशंकर सर सकाळी म्हणाले. अंबाजोगाईच्या आमच्या विभागातून तिथे कुणी गेलेलं नाही आणि मला जायचंच होतं. त्याआधी दोन दिवस प्रोग्रॅमची ओळ न् ओळ उकरली होती. मग भौतिकशास्त्रालाच नावं ठेवली. नाचता येईना, अंगण वाकडं.

दुपारी मायचा फोन आला. माय आणि वडील दिवाळीनंतर शिरूर कासारहून ऊसतोडीला गेलेत. भाकरी खाताना ती फडातून फोन करते. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "औंदा टोळीत किती हायेत?"

"वीस. वर सटवा एकलाच आलाय, बायकू बाळंतीण हाय. त्याला अर्धा धरलाय."

आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाच्या यादीत वीस म्हणजे चाळीस माणसं, आणि एकटा माणूस अर्धा. हे मला पाटी हातात येण्याआधीपासून ठाऊक.

फोन कानाला तसाच धरून मी तक्ता उघडला. सहभागी प्रोटॉन-न्यूट्रॉन: तीनशे ब्याऐंशी. ती डोकी होती. मी जोड्या समजून कणांना तेवढ्याने भागत बसले होते.

सहभागींचा आकडा निम्मा करून पुन्हा भागलं. माझे ठिपके प्रयोगाच्या ठिपक्यांवर जाऊन बसले. आनंदाच्या भरात मी मायला माझी चूक जमेल तशी समजावली.

तिने विचारलं, "म्हंजे तितं एकेकाला मोजत्यात?"

"व्हय, एकेकाला."

"बायांना बी?"

"तितं बाया नसत्यात, माय."

"आसू दे. मोजत्यात ना," ती म्हणाली आणि उसाकडे गेली.

साडेचारला सरांनी आलेख पाहून विचारलं, "इतकी साधी चूक झाली कशी?"

"घाईत," मी म्हणाले. टोळीत किती माणसं, असं कुणी विचारलं की लहानपणापासून मीही वीसच सांगत आले. त्या विसात माय नव्हती, आणि मला ते कधी चुकलंय असं वाटलं नव्हतं.