भूतपूर्व

"ओठ हलवू नका, हडळबाई. जखम फाटेल," असं म्हणत मेकअपवाल्याने त्यांच्या गालावर मैद्याचा थंडगार लगदा थापला.

जखम? बाई दचकल्या. आज त्या माणूस होत्या, सिनेमात हडळी रंगवण्यात गेलेल्या उभ्या कारकिर्दीत पहिल्यांदाच. डोळ्यांना आणि ओठांना डिंक फासला गेला, तेव्हा सुरकुत्यांचा सरंजाम असेल असं समजून त्या निमूट बसल्या होत्या. पण लगद्याचा तो शिळा, आंबूस वास त्यांच्या चांगल्याच ओळखीचा होता. त्यांनी दोन्ही हात हवेत हलवले. "वा, तालीम सुरू झाली," मेकअपवाला कौतुकाने म्हणाला आणि त्याने कानामागून पू सोडला.

चूक वायरलेसची होती. सेटवरून व्यवस्थापकाने 'भूतपूर्व मुख्याध्यापिका' असंच सांगितलं होतं. यंत्राने खरखर करत मधलं 'पूर्व' गिळलं. समोर हडळबाई बसलेल्या. मेकअपवाल्याला शंका यायचं काही कारणच नव्हतं.

ही भूमिका बाईंनी हातापाया पडून मिळवली होती, ती ताईंसाठी. ताई म्हणजे थोरली बहीण, स्वतः निवृत्त मुख्याध्यापिका. दोघी एकाच घरात राहत. पहिल्याच सिनेमात बाईंनी कच्चं काळीज खाल्लं. ते पाहिल्यापासून ताईंनी त्यांचा एकही सिनेमा पाहिला नव्हता आणि घरात त्यांचा कप वेगळा ठेवला होता. भांडण नव्हतं, फक्त कप वेगळा. त्याच तोंडाने बाईंनी पुढे गांडुळं, साबणाचा फेस आणि एका नायकाचा मोजा चावला, त्यामुळे ताईंचं अगदीच चुकत होतं असंही म्हणवत नाही. आज मात्र ताई चित्रीकरण पाहायला आल्या होत्या. आपला वाचायचा चष्मा त्यांनी भूमिकेसाठी दिला होता आणि शाळेतल्या सत्काराच्या प्रसंगातलं, भाषणाआधीचं एक वाक्य घोटून घेतलं होतं: मुलांनो, बसा. ओरडायचं नाही, शेवटच्या बाकाकडे बघायचं आणि म्हणायचं.

डिंक वाळून तोंड उघडेपर्यंत दिग्दर्शक येऊन बाईंना पाहून गेला होता. मुख्याध्यापिका सत्काराला जिवंत येण्यापेक्षा मेलेली आली तर काय बहार, असं त्याचं मत पडलं. भाषण रद्द. बाईंनी पुष्पगुच्छ चावायचा आणि प्रमुख पाहुण्यांच्या अंगावर ओकायचं. माझी बहीण आलीय हो, असं बाईंनी हळूच सांगून पाहिलं. त्याने ताईंना पुढची खुर्ची द्यायला लावली.

बाईंच्या तोंडात लाल पाक भरला. पाकात माशी होती. ती काढायला कोणाला वेळ नव्हता. बाईंनी फुलं चावली आणि ठरल्याप्रमाणे ओकल्या. पाहुण्याचं काम करणाऱ्याला खरीच उलटी झाली. दिग्दर्शकाने तीही ठेवून घेतली. सभागृहात बसवलेली मुलं किंचाळत उठली. ताईही उठल्या आणि नाकाला रुमाल लावून दाराकडे निघाल्या.

बाईंनी हनुवटीवरचा ओघळ पुसला नाही. नाकावर घसरलेला चष्मा सरळ केला आणि शेवटच्या बाकाकडे पाहिलं.

"मुलांनो, बसा."

मुलं बसली. तसं त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. प्रमुख पाहुणाही तोंड पुसत बसला. दाराशी पोचलेल्या ताई थबकल्या, रुमाल खाली घेतला आणि हाताशी होती त्या खुर्चीवर बसल्या.

दिग्दर्शक म्हणाला, वाक्य जमलं नाही. तिथे नंतर गुरगुरणं टाकू.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी टेबलावरच्या चष्म्याला मुंग्या लागल्या होत्या. बाई ओशाळून तो धुवायला उचलणार, तोच ताईंनी हात पुढे केला. त्यांनी फुंकर मारून मुंग्या उडवल्या, चष्मा तसाच डोळ्यांवर चढवला आणि वर्तमानपत्र उघडलं.

"चहा दे," त्या म्हणाल्या. "हाताला येईल त्या कपात."

चष्म्याच्या काडीवरून एक मुंगी अजून त्यांच्या कानाकडे चालली होती.