डॅरलच्या पायात गेथिनची विजार

वेल्सहून आलेला गेथिन पहिल्याच दिवशी करवतीची विजार घालून आमच्या झाडं कापायच्या कामावर हजर झाला. भर जानेवारीत, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, ऑस्ट्रेलियातल्या आमच्या टाउन्सव्हिलमध्ये! या विजारीत धाग्यांचे थरावर थर असतात. चेनसॉ, म्हणजे आमची यंत्राची करवत, चुकून पायाला लागला की धागे त्यात गुंततात आणि तो जागच्या जागी बंद पडतो. आमच्याकडे पाय पुढून झाकले तरी चालतं, आणि आमची ती झाकणंही ट्रकच्या सीटखाली सुखाने पडलेली असतात. गेथिनची विजार मात्र चारी बाजूंनी जाड. झाडावर पाय कुठल्या दिशेला असेल याचा भरवसा नसतो, म्हणून तिकडे चढणाऱ्याला तशीच लागते म्हणे. आम्ही सगळे अर्ध्या चड्डीत. आत बर्फ भरून आणलंयस का, असं मीच विचारलं.

गडी हसला आणि वर गेला. हात सफाईचा होता. पण दुपारपर्यंत तोंड लालबुंद झालं, फांदीला मिठी मारून तो थांबायला लागला. आमचा मालक डॅरल याने त्याला खाली बोलावलं. डॅरलची सही झाली तरच गेथिनला या देशात राहता येणार होतं आणि मागे राहिलेल्या बायको-मुलीला आणता येणार होतं.

"राजा, हे लाड तुझ्या देशात," डॅरल म्हणाला. "चड्डीवर चढ, नाहीतर सही विसर."

गेथिनने विजार काढून ट्रकच्या कठड्यावर टाकली आणि उघड्या पायांनी वर गेला.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कामावरची सुरक्षा तपासणाऱ्या इन्स्पेक्टरबाईंची गाडी वळली. डॅरल खाली चड्डीतच ओंडके कापत होता. त्याने झडप घालून गेथिनची विजार पायात चढवली. गेथिन ताडमाड, डॅरल त्याच्या काखेएवढा. पायाला दोन दुमडी घातल्या, पोटावर चेन मिटेना म्हणून वरून शर्ट ओढला. बाई खूश. एवढ्या उन्हात मालक असा नियम पाळतो, आणि वरचा तो परदेशी बघा! असं म्हणून त्या सावकाश आपल्या परसातल्या आंब्याचं दुखणं सांगत बसल्या. डॅरल भर उन्हात माना डोलवत राहिला आणि एकाएकी ओंडक्यांवर कोसळला.

दोरावरून सरसर उतरून गेथिननेच त्याच्या पायातली विजार ओढून काढली, बर्फाचं पाणी ओतलं. डॅरलने डोळे उघडले. बाईंनी विजार उचलून दुमडी सोडल्या. ती लांबतच गेली.

"कुणाची ही?" त्यांनी गेथिनला विचारलं.

त्याने डॅरलकडे पाहिलं. डॅरल आभाळाकडे बघत होता.

"मालकांची," गेथिन म्हणाला.

बाईंना सगळं कळलं होतं. तरी त्यांनी विजारीशिवाय चढल्याचा ठपका गेथिनवरच ठेवला.

शुक्रवारी सही झाली. आमच्यात ज्याच्या हातून चूक होते तो सगळ्यांना बिअरचा खोका पाजतो. चूक गेथिनची, असं डॅरलने जाहीर केलं. खोका आला, आणि पहिली बाटली त्या निर्लज्जानेच फोडली.

आता विजार ऑफिसात डॅरलच्या खुर्चीमागे टांगलेली असते. आल्यागेल्याला तो ती दाखवतो. गेथिन आमच्यासारखाच चड्डीवर चढतो. दर रविवारी बायकोला कामावरचा एक फोटो पाठवतो. तो मीच काढून देतो, कमरेच्या वरचा.