म्हातारी कांडी

माझ्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेला बाबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत येऊन बसले, तेव्हाच मला धडकी भरली. बाबा टॅक्सी चालवतात. पोरीने लोखंडाची अशी भुकटी केलीये की आता गाड्या पाण्यावर पळणार, असं त्यांनी स्टँडभर सांगून ठेवलं होतं. पाण्यावर नाही हो, हायड्रोजनवर, असं सांगून सांगून माझं तोंड दुखलं. आई शेजारी पर्स मांडीवर घेऊन बसली होती.

खरी गोष्ट एवढीच. एक क्षार असतो, त्यात हायड्रोजन ठासून भरलेला असतो. कॉस्टिक सोडा घातलेल्या पाण्यात तो विरघळवला की ढिम्म बसून राहतो. त्यात प्लॅटिनम टाकलं की हायड्रोजन फसफसून बाहेर येतो, पण प्लॅटिनम परवडतं कुणाला? माझी भुकटी, केसाच्या हजाराव्या भागाहून बारीक कणांची, तेच काम जवळजवळ फुकटात करत होती. माझी अख्खी पदवी त्यावर उभी होती: प्लॅटिनम नको.

आमच्या सरांचा हट्ट, प्रयोग परीक्षकांसमोर करून दाखवायचा. मी त्या क्षाराच्या पाण्याचा चंबू ढवळायच्या यंत्रावर ठेवला आणि चुंबकाची कांडी आत सोडली. बोटाच्या पेराएवढी ही कांडी. यंत्र सुरू केलं की गरागरा फिरून पाणी ढवळते. आमच्याकडे पदवी घेऊन जाणारा आपली कांडी मागून येणाऱ्याला देऊन जातो. मला ती ताईकडून मिळाली, म्हणजे माझ्या आधी सरांकडे संशोधन केलेल्या मुलीकडून. चरे पडून काळवंडलेली, म्हणून सगळे तिला म्हातारी म्हणायचे. मी तिला कुणाला हात लावू देत नसे.

परीक्षक बाई म्हणाल्या, आधी भुकटी न टाकता दाखवा.

घ्या, काढा वेळ, मी मनात म्हटलं. हे मी कितीदा तरी केलं होतं. भुकटीशिवायचं पाणी परीक्षानळीत दिवसभर ठेवायचे, एक बुडबुडा दिसायचा नाही. त्यात कांडी मात्र कधीच टाकली नव्हती. भुकटीच नाही तर ढवळायचं काय, कपाळ? मी तोऱ्यात बटण दाबलं.

कांडी फिरली आणि पाणी फसफसलं.

मला वाटलं, ढवळल्याने हवा शिरली असेल. यंत्र बंद केलं. कांडी तळाशी थांबली आणि तिच्या एकेका चऱ्यातून बुडबुडे वर येतच राहिले. सरांकडे बघितलं, तर ते चष्मा काढून नुसतेच पुसत होते.

"ही आधी कुणाकडे होती?" बाईंनी विचारलं.

"ताईकडे."

"त्यांचं काम कशावर होतं?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांनाही कळलं होतं, पण ते माझ्याच तोंडून यायला हवं होतं.

"प्लॅटिनमवर," मी म्हणाले.

इतकी वर्षं साबणाने घासूनही चऱ्यांतलं प्लॅटिनम तिथंच बसलं होतं, आणि भुकटीचा प्रत्येक प्रयोग मी याच कांडीने ढवळला होता. मग माझ्या भुकटीने काय केलं होतं? कदाचित काहीच नाही. हे मनात आलं आणि मी टेबलाचा कोपरा घट्ट धरला.

तेवढ्यात टाळ्या ऐकू आल्या. बाबा उभे राहून एकटेच वाजवत होते. "अहो, भुकटीशिवायच झालं की," ते कौतुकाने मागच्यांना सांगू लागले. "म्हणजे आणखी स्वस्त पडणार!"

आई माझ्या तोंडाकडे बघत होती. तिने हात धरून त्यांना खाली बसवलं.