मिठाच्या पाण्यातलं बियाणं

भाताची रोपं पेरायचे राब भाजून झाले होते. दिघाशीतल्या चार-पाच बाया दरवर्षीसारख्या टोपल्या घेऊन आमच्या ओटीवर जमल्या होत्या. आईने राखलेल्या भाताच्या बियाण्याने गावात कधी कुणाला फसवलं नव्हतं. मी मात्र नुकतीच शेतकी कॉलेजातून शिकून आले होते.

"थांबा, आधी मिठाच्या पाण्यात पारखू," मी म्हणाले. "भरलेला दाणा तळाला बसतो, पोचट तरंगतो."

पाणी मी त्या येण्याआधीच तयार करून ठेवलं होतं. टोपात बी सोडलं. सगळंच्या सगळं वर आलं.

"आये, बी पोचं आहे. कुणी पेरू नका हे."

पार्वतीकाकीने रिकामी टोपली काखेत मारली. "बरा झाला पोरीने पारखला. बकुळे, तुजा हात पयल्यासारका न्हाय रायला. चला गो, धामणकर नाक्यावरून बियान्याची पिशवी आनू."

बाया गेल्यावर आईने खुराड्यात हात घातला, नुकतंच घातलेलं कोमट अंडं आणलं आणि त्याच पाण्यात सोडलं. तेही वर आलं आणि आडवं तरंगत राहिलं.

"ताजा अंडा पान्यात बुडतो, दिना. आता ह्यो पन पोचा हाय का?"

मी वही उघडली. दहा लिटरला तीनशे ग्रॅम मीठ. मी तीन किलो ओतलं होतं. पाणीच इतकं जड झालं होतं, की भरला दाणाही त्यात बुडणार नव्हता.

"मी सांगून येते," म्हणाले खरी; पण पाय उंबऱ्याशीच अडले. आई पदर खोचून निघून गेली. कुडापलीकडून तिचा आवाज आला, "पार्वते, मीठ माज्याच हातून जास्ती पडला गो. बी चांगला हाय."

"डोले गेले का तुजे, म्हातारे!"

बाया खळखळून हसल्या. आईही हसली. एक हाक मारली असती तरी पुरलं असतं. मी मारली नाही.

ती परतली. "धू तो बी. मिठाने रुजायचा न्हाय."

साध्या पाण्यात दाणे सरसर तळाला गेले. वर उरलं ते ओंजळभर पोचट. ते मी काढत होते, तोवर बाया पुन्हा ओटीवर आल्या.

"दिना," पार्वतीकाकी म्हणाली, "तू शिकल्याली हायस. आयेला नीट शिकव गो."

आई टोपल्या भरत होती. तिने वर पाहिलं नाही.

"हो," मी म्हणाले.