जैसे थे

"आन् कोर्ट म्हणतं, म्हाताऱ्याची जमीन नावावर करून घेतली अन् त्याला भाकर घातली न्हाई, तर जमीन माघारी!" दत्तोबानं मोबाइल खिशात घातला आणि पारावरच्या मंडळींकडं असं पाहिलं, की आता कुणीतरी बुक्का लावून पाया पडावं.

भाजे गावात त्याला वकीलबुवा म्हणत. मोबाइलवर एक वकील रोज नव्या निकालांचं निरूपण करायचा. पोटगी, भाडेकरू, कुत्रं चावल्याची भरपाई, काही म्हणून वर्ज्य नव्हतं. दत्तोबा ते कीर्तनासारखं मान डोलवत ऐकायचा आणि सकाळी गावाला प्रसाद वाटायचा.

त्याचा स्वतःचा दावा होता बांधाचा, चुलतभाऊ मारुतीवर. निकाल लागेस्तोवर बांध 'जैसे थे' ठेवा, असं वडगावच्या कोर्टानं सांगितलं होतं. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. सप्ताहात टाळ धरायचे, तेही मधे देवळाचा खांब ठेवून.

आता आवणी, म्हणजे भाताची लावणी, येऊन ठेपली. विसापूर किल्ल्याच्या अंगानं पाऊस कोसळत होता, खाचरं चिखलून तयार होती, पण लावायला माणूस मिळेना. रोजावरच्या बाया धबधब्यापाशी सहलीच्या पाहुण्यांना मक्याची कणसं भाजून देत होत्या. रोप पार वाढून गेलेलं. हा आठवडा हुकला, तर वर्षाचं भात गेलंच म्हणायचं.

चुलीपुढं बसलेल्या त्याच्या बायकोनं, रतनबाईनं विचारलं, "अवो, जैसे थे म्हंजी काय?"

वकीलबुवांची कळी खुलली. "म्हंजी आधी जसं व्हतं तसंच ठिवायचं. हलवलं तर कोर्टाची बेअदबी. आत जावं लागतं!"

"मग तुमी जाणार आत."

"आँ?"

"दाव्याच्या आधी आपली अन् मारुतीभावजींची सावड व्हती. आज त्यांच्या खाचरात आपण, उद्या आपल्या खाचरात ते. ती कुणी मोडली?"

"अगं, हुकूम बांधापुरता हाय!"

"काल पारावर कोण सांगत व्हतं, नुसता शब्द धरू नये, त्यातला भाव बघावा म्हणून?"

 या निकालावर अपील कुठं करायचं, हे मोबाइलवाल्यानं कधी सांगितलंच नव्हतं.

"भागुजाऊबाईला सांगून आले मी," रतनबाई भाकरी उलटवत म्हणाली. "सकाळी येत्यात."

सकाळी मारुती बायकोला घेऊन, डोक्यावर प्लास्टिकचा कागद ओढून बांधापलीकडं उभा.

"तुझ्यासाठी न्हाई आलो, दत्तू. कोर्टाचा मान म्हणून आलोय."

"मीबी कोर्टाचा मान म्हणूनच ये म्हणतोय. बांधाला पाय लावू नगंस फक्त."

मारुतीनं बांधावरून उडी घेतली आणि चिखलात सपशेल बसला. भागुबाई तोंडाला पदर लावून हसली. दत्तोबानं हात दिला, तो वर ओढून झाल्यावरही सोडायचा राहिला.

दुपारपर्यंत खाचर हिरवंगार झालं. दोघं बांधाच्या दोन अंगांना टेकले.

"दत्तू, दाव्याच्या आधी मी तंबाकू कुणाची खायचो?"

"माझी. जन्मात कधी सवताची आणली न्हाईस."

"मग काढ की. बेअदबी करतोस व्हय?"

दत्तोबानं चंची काढली. तंबाखू मळता मळता म्हणाला, "पण तारखेला सोडणार न्हाई तुला, सांगून ठिवतो."

"सोडूच नगंस. वडगावच्या बाजाराला आधी कसा जायचास?"

"तुझ्या गाडीवर."

"मग तारखेलाबी माझ्याच मागं बस," चिमूट दाढेखाली धरत मारुती म्हणाला. "जैसे थे."